एका कोंबडीचा आठवडा

"हाडं उचलू नको. त्यांची अजून डूटी हाय."

असं म्हणून ते ताटलीवर पंजा ठेवायचे. पंजा एवढा मोठा की खालची ताटली दिसायचीच नाही. इस्रायलमधल्या ओफाकिम गावातल्या आमच्या इमारतीत एका मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती, एक त्यांचं आणि एक माझं. शब्बातच्या, म्हणजे शनिवारच्या सुट्टीच्या, दुपारी मी त्यांच्याकडे गेले आणि सवयीनं टेबल आवरायला लागले की हा पंजा आडवा यायचा. जेवणानंतर कोंबडीची हाडं कचऱ्यात टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी कामगाराला पाळी संपायच्या आत घरी पाठवणं होतं.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांच्या पोरींना मराठी वाचता येत नाही, पण कोणी तरी वाचून दाखवील आणि त्या माझ्याशी भांडायला येतील. भांडण ही त्यांच्या घरची वडिलोपार्जित इस्टेट आहे. तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेल, ज्याला 'नको' म्हटलं की 'का नको' म्हणत उभाच राहतो. हे त्यातले. मूळचे अलिबागकडचे, मुंबईत काही वर्षं काढून इथे आलेले, जसे आम्ही सगळेच मराठी ज्यू. आम्ही एकाच कापडाच्या कारखान्यात कामाला होतो. मी शिवणावर आणि ते फिटर.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची बायको गेली. पदरात तीन पोरी. थोरली जेमतेम बारा-तेराची आणि धाकटी नुकती शाळेत जाऊ लागलेली. महिन्याची प्रार्थना झाली आणि नातेवाईक मोकळेपणानं बोलायला लागले. अश्दोदहून त्यांची मेव्हणी आली होती, बायकोची पाठची बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. ती वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. तिचं म्हणणं होतं की धाकटीला तिनं न्यावं आणि थोरल्या दोघींना पनिमियात, म्हणजे वसतिगृहाच्या शाळेत घालावं. खोलीतल्या सगळ्या माना हलल्या. खरं तर माझीही हलली.

"भावोजी, तुमची पाळी कधी पहाटेची, कधी रात्रीची," मेव्हणी म्हणाली. "पोरी खानार काय?"

"कोंबडी."

"आनि दुसऱ्या दिवशी?"

"तीच."

"मंग तिसऱ्या दिवशी?"

"तीच, सांगितलं ना."

सगळे हसले. ज्या माणसाला चहा करता येत नव्हता, तो हे बोलत होता. ते मात्र हसले नाहीत. उठून त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "हसून झालं का? माझ्या पोरी माझ्या टेबलावर जेवतील. तिघी एकत्र. आता या."

रागाच्या भरात तोंडातून गेलेली ती कोंबडी त्यांनी मग वर्षानुवर्षं पाळली.

आमच्या लोकांत कोंबडी म्हणजे कालवण. पण कालवण ढवळावं लागतं, त्याच्यापाशी उभं राहावं लागतं. म्हणून त्यांनी भट्टी निवडली. "ओव्हन मशीन हाय," ते म्हणाले, "चालू करायचा, बंद करायचा. त्यात अक्कल कसली?" पहिल्या शुक्रवारी त्यांनी कोंबडीचे पाय बांधायला कारखान्यातला दोरा वापरला. दोरा नायलॉनचा. तो वितळून कोंबडीला असा चिकटला की शब्बातच्या मेणबत्त्यांच्या उजेडात ती इस्त्री केल्यासारखी चमकत होती. पोरींनी कातडी सोलून टाकली आणि आतलं मांस खाल्लं. धाकटी विचारत होती, आपण आता अब्बाची फॅक्टरी खाल्ली का?

पुढच्या शुक्रवारी ते स्वतःच्या दारात उभे राहून ओरडले, "बाय, आलं सोलायचं की नुसतं धुवायचं?" अख्ख्या जिन्याला कळलं. मग दर आठवड्याला तसा ओरडा. हळद आधी की मीठ? लिंबू आत पिळायचं की वर? मला दया आली आणि मी एकदा वाटीभर माशाचं कालवण नेऊन दिलं. त्यांनी पोरींना ते खाऊ दिलं, पण वाटी परत करताना तीत त्यांच्या कोंबडीखालचे बटाटे ठासून भरले होते. वर दम दिला, "शिकवायचं तर शिकव. देऊ नको."

तर कोंबडी शुक्रवारी दुपारी भट्टीतून निघायची, आलं-लसूण-हळदीनं पिवळीधमक. रात्री पाय आणि पंख. दोन पाय आणि पोरी तीन, त्यामुळे दर शुक्रवारी महायुद्ध. ते आकाशाकडे बोट करून म्हणायचे, "डिझाइनची चूक हाय. तीन पाय पायजे होते." शब्बातला दुपारी छातीचे तुकडे, कोथिंबिरीची चटणी लावून इथल्या पिता-पावामध्ये. रविवारी उरलंसुरलं मांस बोटांनी सोडवून बटाट्यात कुसकरून पॅटिस. हाडांची डूटी सोमवारी. ती उकळून त्यांच्या पाण्यात नारळाचं दूध घालून रस्सा. त्यातलंच पाणी राखून मंगळवारी मसुराची खिचडी. आणि बुधवारी-गुरुवारी अंडी. मी म्हटलं, भाऊ, आता कोंबडी संपली म्हणा की. तर म्हणे, "अंडं कोन घालतं? मी?"

एक मात्र सांगायला हवं. मान ते स्वतः घ्यायचे. बाप पोरींसाठी मानेवर भागवतो, असं वाटून माझे डोळे भरून यायचे. एकदा मला राहवलं नाही. चांगला तुकडा त्यांच्या ताटात ठेवला आणि मान मी उचलली. त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना मान खरंच आवडायची.

सगळं असं रुळत चाललं होतं, पण मेव्हणीनं आशा सोडली नव्हती. तिच्या घरी एक खोली रंगवून तयार होती, हे तिनंच मला सांगितलं होतं. त्यातच शाळेतून निरोप आला की धाकटी वर्गात झोपते. झोपणारच. बापाची पहाटेची पाळी असली की तो निघताना घर जागं व्हायचं. एका सोमवारी संध्याकाळी मेव्हणी अश्दोदहून आली ती धाकटीच्या मोराला, म्हणजे शिक्षिकेला, बरोबर घेऊनच. मोरा घर बघून शाळेला आपलं मत सांगणार होती. तिनं नाही म्हटलं असतं, तर धाकटी त्या रंगवलेल्या खोलीत गेली असती आणि मागोमाग थोरल्या दोघी पनिमियात. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी काही तरी निमित्त काढून तिथे आधीच जाऊन बसले होते.

टेबलावर रस्सा होता. आमचा नारळाचा, पांढराशुभ्र, आणि वर हाडांवरून सुटलेले मांसाचे दोन-चार तुकडे. इथे ओला नारळ कुठला? केकवर भुरभुरायचा सुका कीस दुकानात मिळतो, तो गरम पाण्यात भिजवून ते फडक्यात पिळायचे. फिटरचे हात ते. किसाचा चोथा कोरडा ठणठणीत होऊन पडायचा.

मोरा इथेच जन्मलेली, तरुण, धार्मिक शाळेतली. तिनं असला रस्सा जन्मात पाहिला नव्हता. तिला दिसलं ते मांस आणि दूध, एका ताटात. तिचा चेहरा खर्रकन उतरला. मांसाबरोबर दूध खायचं नाही, ही धर्माची साधी बंदी जिथे पाळत नाहीत, ते घर कसलं? आणि तिनं विचारलं तेही बापाला नाही. खाली वाकून धाकटीला म्हणाली, "अब्बा तुला हे नेहमी देतो?"

"दर सोमवारी!" धाकटी खुशीत म्हणाली.

एका शब्दाचं काम होतं. नारळ, एवढंच म्हणायचं. पण ह्या गृहस्थांनी पळी खाली ठेवली, हाताची घडी घातली आणि मराठीत म्हणाले, "माझ्या घरात येऊन माझ्या पोरीला साक्षीला उभी करते? मी काय बोलत नाय, जा."

अस्सा संताप आला मला! घर बुडायची वेळ आणि ह्यांचा ताठा तसाच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझं लक्ष मेव्हणीकडे गेलं. तिला माहीत होतं. त्या रश्श्यावरच ती लहानाची मोठी झाली होती. तिनं काहीही करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. ती ताटाकडे बघत होती. मग धाकटीकडे बघितलं. मग पुन्हा ताटाकडे.

"हे दूध नाही," ती शेवटी हिब्रूत म्हणाली. "नारळ आहे. आमच्यात असंच करतात. माझी आई असंच करायची, हिची आईपण." तिचा आवाज फाटला होता. पर्स खाली ठेवून तिनं खुर्ची ओढली. "वाढा, भावोजी."

त्यांनी वाढलं. तिनं भात कालवला आणि एक घास खाल्ला. "मीठ कमी हाय."

"मीठ बरोबर हाय," ते म्हणाले.

मोरानंही मग चमचाभर चाखला, फार चौकशी केली, चोथासुद्धा हातात घेऊन बघितला. शाळेकडून पुन्हा काही आलं नाही. मेव्हणी त्या दिवशी एकटीच गेली. बसस्टॉपवर उभी होती ती मला बाल्कनीतून दिसत होती, ओढणीनं तोंड पुसत. त्या दिवसापासून मला ती बाई मनापासून आवडायला लागली.

पुढे आमचा कारखाना बंद झाला. ते लोकांची कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करू लागले. पोरी वाढल्या, सैन्यात जाऊन आल्या, नोकऱ्यांना लागल्या. बापानं मराठीत ओरडायचं आणि पोरींनी हिब्रूत उलट ओरडायचं, असं त्यांचं प्रेम माझ्या भिंतीतून मला रोज ऐकू यायचं. एका वसंतात, कोणाच्या तरी मशीनचा पाइप बसवता बसवता, ते गेले. छातीत कळ आली आणि संपलं.

शिव्वाचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस कुठे बसायचं, हा प्रश्न आला. मेव्हणी म्हणाली, माझ्याकडे चला, मोठं घर आहे, एसी आहे, माणसं येतील ती नीट बसतील. तिघी एकदम म्हणाल्या, इथेच. थोरलीनं पलंगाची गादी ओढून जमिनीवर टाकली आणि तिघी तिच्यावर बसल्या, खांद्याला खांदा लावून. मी त्यांना पहिलं जेवण नेलं, उकडलेली अंडी आणि मसूर. घरात तेवढी भांडणाची सवय असून सात दिवसांत एक आवाज चढला नाही. ते मला सहन होईना.

शिव्वाला जमिनीवर बसतात ती मुलंबाळं आणि सख्खी माणसं; धर्माप्रमाणे मेव्हणीनं बसायची गरज नसते. ती खुर्चीवर होती, गुडघ्यांनी म्हातारी झालेली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, खोलीत आम्हीच असताना, ती एकाएकी रडायला लागली. "हट्टी मेला," ती म्हणाली. "एक पोरगी दिली नाय मला. एकसुद्धा."

मग धाकटी, जी जन्मात बापाला मराठीत उत्तर देत नव्हती, ती अडखळत, शब्द शोधत मराठीत म्हणाली, "मावशी, मला याद हाय. तू तवा गप रायली असती, तर मी तुझ्याकडे आली असती."

मावशीनं 'हो' म्हणून मान हलवली.

तिघी थोड्या थोड्या सरकल्या. गादीवर मधोमध जागा झाली, आणि मी हात धरून मावशीला हळूच खाली बसवलं.