जादाची सात पावलं

आमच्या दाजींना बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस महाडात शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या लग्नात मी सहावीत होते, आणि मला पक्कं आठवतं, पुढे बुद्धवंदना चालू असताना नवरदेव दोनदा खुर्चीवरून उठून मांडवातला पंखा पाहुण्यांकडे वळवून आले. फोटोत ताई एकटीच बसलेली आहे, शेजारी रिकाम्या खुर्चीवर हार. तेव्हापासून दाजींनी चहा उभ्याने प्यायला, जेवण ओट्याशी उभ्याने उरकलं, पेपर अंगणात फेऱ्या मारत वाचला. नोकरीही अशी मिळाली की बसायला नको. एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक. खिडकीपाशी त्यांच्यासाठी ठेवलेल्या स्टुलावर त्यांनी शेवटपर्यंत प्रवाशांच्या पिशव्याच ठेवल्या. निवृत्त झाल्यावर तरी माणूस टेकेल असं ताईला वाटलं होतं. उलट झालं ते असं की आगारातली सगळी धावपळ घरात आली. "कुकर सुटायला पाच मिनटं हायत," असं ते हॉलमधून ओरडून सांगू लागले, आणि ताई आंघोळीला उशिरा गेली तर तिच्या नावाने पुकारा होऊ लागला.

माणूस चालत राहिला तर एक वेळ चालेल, पण दाजी सामानही चालतं ठेवत. ह्याचं निम्मं पाप सावित्री नदीचं. महाडात नदीकाठच्या आळीत ज्यांचं घर आहे त्यांना पावसाळ्यात सामान वर चढवायची सवयच असते. दाजींच्या हॉलच्या भिंतीवर मागल्या मोठ्या पुराच्या पाण्याची रेघ त्यांनी ऑइलपेंटने आखून ठेवली आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या रेघेशी उभं करून "तुमचं नाक बुडलं असतं" किंवा "तुम्ही वाचला असता" असं ते सांगतात. माझं नाक दरवेळी बुडतं. त्या पुरानंतर त्यांनी घरातल्या वस्तूंना फेऱ्या लावून दिल्या. फ्रिज पहिली फेरी, तांदळाचे डबे दुसरी, टीव्ही तिसरी. दर महिन्याला रंगीत तालीम. एकदा मी पोलादपूरहून सहज भेटायला गेले, तर पाणी विचारायच्या आधी माझ्या हातात मिक्सर देऊन त्यांनी मला वरच्या खोलीत पिटाळलं होतं.

पण पावसाळ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. दाजींना प्रत्येक ऋतूत घर वेगळं लागे. थंडीत कॉट पूर्वेच्या खिडकीखाली, उन्हासाठी. होळीनंतर तीच कॉट दाराशी, वाऱ्यासाठी. वैशाखात कपाट पश्चिमेच्या भिंतीला, म्हणजे भिंत तापली तरी झळ कपाटाला. मृगाला जमिनीवरचं सगळं विटांवर. ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका, संध्याकाळी दमून घरी यायची आणि चप्पल काढून जिथे टेकायची तिथे खुर्ची नसायची. ती म्हणायची, "गो, मी लग्न एका घरात केलं, पण राहिले चाळीस घरांत." आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की तिच्या हॉलमध्ये आळीतल्या बायका रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला जमतात. तेव्हा ती मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "पावसाचे तीन महिने भिक्खूसुद्धा एका जागी राहायचे. आमच्याच घरात तेवढं कोणाला जमत नाय." दाजी हे ऐकत ऐकत बायकांच्या मागून सतरंजीचं टोक ओढून सरळ करत असायचे.

त्या पुरानंतर, दाजी नोकरीत असतानाच, ह्या घरात एक कुत्री आली, आणि ती नेमकी बसणारी निघाली. दाजींच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरला आंबेनळी घाटात, रस्त्याकडेच्या मोरीत पिल्लं सापडली. तीन पिल्लांना घरं ठरली होती, पण निघाली चार. चौथं दाजींच्या खिशात आलं. बारा महिने जादा गाड्या सोडलेल्या माणसाने तिचं नाव ठेवलं जादा. मांजरापेक्षा थोडी मोठी, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. दाजींचा जुना खाकी स्वेटर हे तिचं अंथरूण. सकाळी दोघं चवदार तळ्याला फेरी मारायला निघत, दाजी पुढे आणि जादा साखळीला ताण देऊन मागे. मनात आलं की ती भर रस्त्यात बसायची. मग दाजी तिच्यापुढे उभे राहून तिला समजावायचे, "उठ गो बाय, मागनं गाड्या थांबल्यात." गाड्या खरंच थांबलेल्या असत. मार्चमध्ये सत्याग्रहदिनाला तळ्यावर गावोगावची माणसं येतात, तेव्हा दाजी शिट्टी घेऊन कोपऱ्यावर उभे राहतात, मुंबईकडच्यांना डावीकडे, चिपळूणकडच्यांना उजवीकडे लावतात. एवढ्या गर्दीत जादा त्यांच्या पायावर बसून असायची. साऱ्या जगात दाजींना एका जागी धरून ठेवायची ताकद तिच्यातच होती, आणि तीही त्यांच्या एकाच पायापुरती.

बघता बघता जादा म्हातारी झाली. मागच्या थंडीत दाजींनी नेमाप्रमाणे कॉट खिडकीखाली नेली आणि जादा कॉटच्या पायाला धडकली. दाजी हसले. दुसऱ्या दिवशी ती कपाटाला धडकली. "रुसलीय," दाजी म्हणाले, "जुनी जागा मागते." तिसऱ्या दिवशी त्यांनी तिचं पाण्याचं भांडं कपाटापासून उचलून मोरीशी ठेवलं आणि ते नदी बघायला पुलावर गेले. संध्याकाळी ताई शाळेतून आली तेव्हा जादा कपाटाशी, भांड्याच्या जुन्या जागेवर बसली होती आणि कोरडी फरशी चाटत होती. तिथली फरशी ओली दिसत होती, ती तिच्याच लाळेने. भांडं तिच्यापासून आठ हातांवर भरलेलं होतं.

ताईने मला हे फोनवर सांगितलं. दाजी जादाला स्वेटरमध्ये गुंडाळून गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. म्हशी आणि बैल ह्यांच्या रांगेत ते उभे, अर्थातच उभे. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, "डोळे गेलेत हो. वयच झालंय. पण काळजी करू नका, घर त्यांना पाठ असतं. पावलं मोजून फिरतात ती. एकच करा, घरातलं सामान हलवू नका." ताई सोबत होती. ती म्हणते, डॉक्टरांनी उद्यापासून श्वास घेऊ नका म्हटलं असतं तरी ह्यांचं तोंड एवढं पडलं नसतं.

दाजींनी कॉट जुन्या जागी आणली, भांडं कपाटाशी ठेवलं, आणि खडू घेऊन प्रत्येक वस्तूच्या पायाभोवती फरशीवर चौकोन आखले. मार्चमध्ये मुंबईहून भाचेमंडळी तळ्यावर यायला म्हणून मुक्कामाला आली. त्यातला एक म्हणाला, "मामा, चेअर जरा शिफ्ट करू का? मोबाइल चार्जिंगला लावायचाय." दाजी असे गरजले की तो पोरगा दोन दिवस फरशीवर बसून जेवला. घर हललं नाही. पण दाजींच्या अंगातली हालचाल कुठे जाणार? ती शेजारी गेली. शेजारच्या काकूंचा दिवाण एका दुपारी त्यांना न विचारता उत्तरेकडे गेला. समोरच्या शिंप्याचं मशीन दाराशी आलं. आळीत लोक दारं लोटून घ्यायला लागल्यावर दाजींनी सकाळची गाडी पकडून थेट पोलादपूर गाठलं. माझ्या दोन खोल्यांत ते आले, पाणी प्यायले, उभ्याने, आणि म्हणाले, "गो बाय, तुझं कपाट चुकीच्या भिंतीला हाय." तीन आठवड्यांत माझं कपाट तीन भिंतींना लागून आलं. मीही शिक्षिकाच; शाळेतून येऊन साडीसाठी हात घाली तो खिडकीत. मी चिडले, बोललेही. ते कपाटाला खांदा लावून एवढंच म्हणाले, "तिकडं हलवता येत नाय. इथं तरी हलवू दे." मग मी दुसऱ्या बाजूने हात लावला.

सगळ्यांच्या मनात एकच धास्ती होती, ती म्हणजे पावसाळा. नदी चढली तर सामान वर न्यावंच लागणार, आणि वरच्या खोलीत जादाने आयुष्यात पाय ठेवला नव्हता. ह्या वयात तिला परकं घर कुठून पाठ होणार? ती खाणंपिणंच सोडेल, असं दाजी रोज म्हणत आणि रोज पुलावर जाऊन नदीकडे बघत.

वर्षावासातल्या एका रविवारी मी ताईकडे गेले होते. दुपारी भोंग्याची रिक्षा आळीतून फिरली, नदीकाठच्यांनी सामान वर घ्यावं. आळीत एकच गडबड उडाली. मी सवयीने फ्रिजकडे धावले, पहिली फेरी. दाजी म्हणाले, "तो राहू दे." त्यांच्या हातात शिंप्याकडून आणलेली फीत होती आणि कानावर खडू. ते हॉलमध्ये वाकून मापं घेत होते. कॉटपासून कपाट सात पावलं, त्यांची नव्हे, जादाची. कपाटापासून भांडं दीड वीत. दारापासून पायपुसणं एवढं. ती मापं घेऊन ते वर पळाले. वरची खोली बरोबर हॉलवरच बांधलेली, तेवढीच लांब, तेवढीच रुंद. तिथे त्यांनी खालच्यासारखेच खडूचे चौकोन आखले. मग कॉट वर गेली, आडवीतिडवी करून, जिन्याचा गिलावा काढत. मग कपाट, शेजारची चार माणसं लावून. मग मोडका पाट, पायपुसणं, छत्र्यांची बादली, आणि कॅलेंडरसुद्धा, कारण त्याची पानं पंख्याखाली फडफडतात आणि त्या आवाजावरून तिला भिंत कळते. ताई खालून ओरडत होती, "अहो, तांदूळ! टीव्ही!" दाजी वरून विचारत होते, "चपलांचं स्टँड दारापासून किती?"

पाणी पायरीला लागलं तेव्हा तांदूळ आणि टीव्ही कसेबसे वर आले. फ्रिज खालीच राहिला. सगळ्यांत शेवटी दाजी जादाला छातीशी घेऊन आले. त्यांनी तिला कॉटखाली खाकी स्वेटरवर ठेवलं. ती थरथरत होती. तिने नाक वर केलं, कुईकुई केली, परत खाली बसली. आम्ही तिघंही भिंतीला चिकटून उभे. खाली पाणी शिरल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ती उठली. कॉटच्या पायाला अंग घासून बाहेर आली आणि चालायला लागली. दाजींचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला ती थांबली, कान कॅलेंडरकडे. मग पाच, सहा, सात, आणि कपाटाशी डावीकडे वळून तिने भांड्यात तोंड घातलं. ती चपचप पाणी प्यायला लागली आणि आमचे दाजी, होते त्या जागी, भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसले. नुसते टेकले नाहीत, मांडी घालून बसले. ताई आधी त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझा हात धरून म्हणाली, "बसले गो!" आणि रडायला लागली.

पाणी घोट्याभर वर येऊन सकाळी उतरलं. फ्रिज गेला. सामान मात्र दाजींनी परत खाली आणलं नाही. जिना उतरायला लावून जादाला पुन्हा कशाला फसवायचं, असं ते म्हणतात. आता त्यांचा मुक्काम वरच असतो. ते उठले की जादा मान उचलते आणि त्यांच्या मागे निघते, आणि त्यांची पावलं काही मोजलेली नसतात, ती धडकते. म्हणून ते उठत नाहीत. चहासुद्धा बसून घेतात. परवा गेले तेव्हा ती स्वेटरवर झोपली होती, पोट हळू हळू वरखाली होत होतं. दाजी तिच्या पडलेल्या कानावर बोट फिरवत म्हणाले, "आता भांड्यापर्यंत पण जात नाय फारशी. मीच नेतो भांडं." आणि मग खिडकीकडे बघून म्हणाले, "थंडी आली. कॉट तिकडं पायजे होती." पण ते हलले नाहीत.

इकडे माझं कपाट गणपतीपासून एकाच भिंतीला लागून आहे. साडीसाठी हात घातला की साडीच हाती येते, तरी घर सुनं सुनं वाटतं. सकाळची महाडची गाडी आली की कान दाराकडे जातात. वाटतं, दाजींनी यावं, उभ्याने पाणी प्यावं आणि कपाट चुकीच्या भिंतीला आहे म्हणावं. पण दाजी माझ्या दारात मोकळे उभे दिसतील त्या दिवशी तो खाकी स्वेटर रिकामा असेल, हे मला ठाऊक आहे. मग मी स्वतःलाच दटावते. राहू दे गो कपाट, आहे तिथंच राहू दे.