माहेरचे खडे

कामोठे गावठाणात हळद कुणाचीही असो, तांदळाच्या भाकऱ्या भागी घरतच्याच हातच्या. मांडवाच्या मागच्या अंगाला चुली पेटत आणि भागी तिथे जाऊन बसे. ती फार बोलत नसे. भाकरी फुगली तर पुढचा गोळा घेई. नाही फुगली तर पीठ दळून आणणाऱ्याकडे बघे.

हळदीच्या घरात देव बसलेले असतात, म्हणून भागी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायची. लग्नसराईत एक मांडव उतरेपर्यंत दुसरा चढायचा, त्यामुळे गोळ्याही चालूच राहायच्या. मेडिकलवाला तिला लांबून येताना बघूनच पाकीट काढून ठेवायचा. डॉक्टरची चिठ्ठी त्याने कधी मागितली नाही आणि हिनेही कधी आणली नाही.

पुढे तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. मटणाचं जेवण झालं की कळ यायची आणि मागे खांद्यापर्यंत जायची. भागी त्याला गॅस म्हणायची. नवरा दत्ता ॲसिडिटी म्हणायचा. सासू कमळाबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी निदान सांगून टाकलं.

"तुजे आयेला झालेला, मावशीला झालेला, भयनीला झालेला. तुजे म्हायेरात खडीची खाण हाय. तुला काय सोडतंय?"

हे खोटं नव्हतं. भागीचं माहेर कोन गावचं. तिथे तिच्या आईचे डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप चढला, आणि घरचे कावीळ समजून तिला झाडपाला उगाळून पाजत राहिले. त्यातच ती गेली. पित्ताशयात खडे होते हे सगळ्यांना नंतर कळलं, तेही धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं, ऑपरेशन झालं तेव्हा. म्हणून तर भागी गॅस म्हणायची. गॅसने कुणी मेल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

एका हळदीत ती चुलीपुढेच आडवी झाली. लोकांना वाटलं धुरामुळे घेरी आली. दत्ताने तिला पनवेलच्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं निघालं. डॉक्टर आभा वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी घरी आणखी कुणाकुणाला झालं ते विचारलं, मग गोळ्यांचं विचारलं. भागीने सांगितलं. दत्ता छताकडे बघत राहिला.

"बायकांच्या अंगात जे हार्मोन असतात ना," डॉक्टर म्हणाल्या, "त्यातल्या एकाने पित्तात चरबी वाढते, दुसऱ्याने पित्ताची पिशवी सुस्तावते. पित्त साचतं, खडे धरतात. सगळ्या बायकांना होत नाही. कुणाचं शरीर त्या हार्मोनला जास्त दाद देतं, कुणाचं कमी, आणि त्यातलं थोडं आईबापांकडून आलेलं असतं. नाक येतं तसं."

"मंग गोल्यांनी झाला?" भागीने विचारलं.

"एकट्या गोळ्यांवर खापर नाही फोडता येणार. बाळंतपणं झाली, वजन वाढलं, वय वाढलं. पण ज्या घरात हे आहे, तिथे अशा गोळ्या मनाने घेऊ नयेत."

"मला नाय ना होनार?" दत्ताने विचारलं.

"पुरुषांनाही होतात," डॉक्टर म्हणाल्या. दत्ता परत छताकडे बघू लागला.

भागी मात्र वेगळंच बोलली. "माजे आयेला असा कुनी इचारलाच नाय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बसली. दत्ताने तिच्या पाठीवर हात ठेवला, मग बाई डॉक्टरसमोर हे बरं दिसतं का असं वाटून काढून घेतला.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. खडे बाटलीत घालून घरी दिले. कमळाबाईंनी ती बाटली शोकेसमध्ये ठेवली. बघायला येणाऱ्याला त्या आधी चहा देत, मग बाटली.

दिपाची, म्हणजे भागीच्या मुलीची, सोयरीक बेलपाड्यात ठरली होती. हळदीची तारीख नेमकी तिच्या पाळीवर येत होती. कमळाबाईंनी गोळ्यांचं पाकीट आणूनही ठेवलं होतं.

"तिला गोल्या नाय द्यायच्या," भागी म्हणाली. "तारीख सरकवू."

"आन् त्यांना काय सांगशील? पोरीचे रगतात खडे हायेत? सोयरीक मोडंल!"

"मोडली तं मोडली."

घरात इतका मोठा आवाज भागीने पहिल्यांदाच काढला होता. ती दुसऱ्या दिवशी रिक्षा करून बेलपाड्याला गेली आणि नवऱ्या मुलाच्या आईला, चांगुणाबाईंना, सगळं सांगून मोकळी झाली. आई, मावशी, बहीण, मी. पोरीला होईलच असं नाही, पण होऊ शकतं.

चांगुणाबाईंनी विचारलं, "दुखतं ते नक्की कुठं?"

भागीने बरगडीखाली हात ठेवून दाखवलं.

"मना पन थयंच दुखतं," चांगुणाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी गॅस म्हनते."

भागी त्यांना घेऊन पनवेलला गेली. सोनोग्राफी झाली. पित्ताशय अगदी स्वच्छ होतं. चांगुणाबाईंना खरोखरच गॅस होता. येताना दोघींनी रसवंतीवर थांबून उसाचा रस घेतला आणि तारीख सरकवायचं तिथेच ठरलं.

तारीख सरकली. नव्या तारखेला, अगदी हळदीच्या दुपारी, दिपाची पाळी चार दिवस आधीच आली.

दिपा आईच्या कानात बोलली. भागीने ते जाऊन सासूला सांगितलं. कमळाबाईंनी मांडवात नजर टाकली. बँडवाले आले होते, पाटावर हळदीची वाटी तयार होती, चांगुणाबाईंच्या घरची माणसं येऊन बसली होती.

"कुनाला बोललीस?"

"नाय."

"मंग कशाला बोलतेस?" कमळाबाई म्हणाल्या. त्यांनी नातीचा हात धरून तिला पाटावर बसवलं, वाटीत बोटं बुडवली आणि पहिली हळद स्वतः लावली.