चार मैलांची मोटार

आमची मोटार दर चार मैलांना मरत असे.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळायचं. निपाणीत आमची तंबाखूची वखार. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका वकिलाची जुनी मोटार घेतली होती. ती झोकात निघायची, चार मैलांवर आचके द्यायची आणि झाडाखाली जरा विसावली की पुन्हा सुरू व्हायची. निपाणीचे दत्तू मिस्त्री म्हणत, पेट्रोलात कचरा आहे, माझी पितळी गाळणी बसवा. बेळगावचा फर्नांडिस म्हणे, गाळणी कसली! नळी तापून पेट्रोलची वाफ होते, माझं पत्र्याचं कवच घाला.

मला दोघांचाही संशय. (तळापर्यंत हात घातल्याशिवाय आम्ही बापाकडूनही तंबाखूचं पोतं घेत नाही.) गाळणी बसवली, मिस्त्रींच्या दारातच पेट्रोल भरून निघालो, चौथ्या मैलाला मोटार गप्प! फर्नांडिसच्या कवचाचंही तेच. मग मला वाटू लागलं, हे दोघे आतून सामील आहेत.

अशात चिकोडीला माझ्यासाठी मुलगी बघायला जायचं ठरलं. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. तिकडे शेंगांच्या होळग्या, म्हणजे शेंगदाण्याच्या गोड पोळ्या, केल्याचा निरोप आला होता. अण्णांनी बजावलं, “भूप्या, दिवस बुडायच्या आत पोचलो न्हाय तर जेवाण न्हाय. वर मुलीचा बाप म्हणंल, ह्यास्नी वेळ पाळाय येत न्हाय, पोरगी काय पाळत्यात?”

मी गाळणी आणि कवच दोन्ही बसवून घेतलं. मोटार चौथ्या मैलाला थांबली, आठव्याला थांबली आणि बाराव्याला थांबली तेव्हा सूर्य बोटभर उरला होता. आमचा ड्रायव्हर मल्लाप्पा म्हणाला, टाकीचं झाकण एकदा उघडून बघू. मी ठाम नकार दिला. मल्लाप्पा पेट्रोल विकतो असा मला संशय होता, म्हणून मोटार आल्या दिवसापासून मी त्या झाकणावर मेणकापड घट्ट बांधून लाखेची मोहर मारत होतो, तंबाखूच्या नमुन्यांवर मारतो तशी.

अण्णांनी सूर्याकडे पाहिलं आणि काठीनं मोहर फोडून मेणकापड ओढून काढलं. टाकीनं ‘सुस्स’ करून लांब श्वास घेतला.

“धनी,” मल्लाप्पा म्हणाला, “झाकणाला वाऱ्यासाठी भोक असतंय. वारा आत न्हाय गेला तर पेट्रोल खाली उतरत न्हाय. तुमीच हिचं नाक दाबलंसा.”

पेट्रोल भरताना मोहर निघायची, तेवढीच बिचारी श्वास घ्यायची. भरून झालं की मी पुन्हा नाक दाबायला हजर!

चिकोडीत पोचलो तेव्हा दिवस नुकताच बुडाला होता आणि होळग्या झाकून ठेवल्या होत्या. उपाशीपोटी मी कंदिलाच्या उजेडात मुलगी पाहिली. ती मला फार आवडली आणि नेमकी त्याच वेळी अण्णांनी सगळी हकिगत, मोहरेसकट, भर बैठकीत सांगितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नकार येणार याबद्दल मात्र, आयुष्यात प्रथमच, मला कसलाही संशय नव्हता.

आठवड्यानं होकार आला! लग्नानंतर मी बायकोला खोदून खोदून विचारलं, तू हो कशी म्हणालीस?

“आधीची स्थळं लई हुशार हुती,” ती म्हणाली. “तुमी सोताच मोटारीचं नाक दाबून दोन मिस्त्र्यांस्नी बोल लावत हुतासा. म्हटलं, ह्यांच्यापास्नं कायबी लपवायचं झालं तर जड जायाचं न्हाय.”

चाळीस वर्षं शोधतोय. अजून काही सापडलेलं नाही.