फुमिएच्या ताटातली पोळी

हेवा करायची सवय वसुधाला लहानपणापासून होती. नागपूरला असताना धाकट्या बहिणीच्या लांब केसांचा, कॉलेजात मैत्रिणीच्या फाडफाड इंग्रजीचा, आणि अमेरिकेत मॉरिसव्हिलला आल्यावर ज्या बायकांची मुलं फोनवर आजीशी मराठीत बोलत त्या सगळ्या बायकांचा. तिला काही कमी नव्हतं. नवरा शैलेंद्र सॉफ्टवेअरमध्ये, घर स्वतःचं, घरामागे पाइनची झाडं. दर रविवारी ती एका भाड्याच्या हॉलमध्ये मराठी शाळा चालवायची. लोकांची मुलं तिच्याकडून बाराखडी शिकून गेली. तिची एकुलती एक नेत्रा दुसरीत असतानाच म्हणाली, "मॉम, धिस इज सो बोरिंग," आणि पुन्हा त्या हॉलमध्ये आली नाही.

त्याच नेत्राने हायस्कूलमध्ये जपानी घेतलं, आणि २००६च्या उन्हाळ्यात शाळेच्या एक्सचेंजमधून ती जपानात कानाझावाला गेली. तिथल्या एका कुटुंबात राहायचं, त्यांच्यासारखं जगायचं. वसुधाने जाऊ दिलं ते मनात एक धरून: पोरगी चार दिवसांत रडत फोन करेल, वरणभाताची आठवण काढेल. फोन आला तो पोचल्याचा. नंतर आले ते फोटो. नेत्रा गुडघे दुमडून बसली आहे, पुढ्यात शाईने काढलेलं एक मोठं अक्षर आहे, आणि शेजारी एक बुटकी बाई तिचा हात धरून ब्रश कसा धरायचा ते दाखवते आहे. वसुधाला अक्षर दिसलंच नाही. तो हात दिसला.

परत आली ती वेगळी होऊन. बूट दारात काढायची, वर त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवायची. बुटांसाठी वसुधा इतकी वर्षं ओरडत आली होती. जेवायला बसली की हात जोडून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. लहानपणी शिकवलेला श्लोक म्हणायची तिला लाज वाटायची.

"हे कुणी शिकवलं?" वसुधाने विचारलं.

"ओकासाननी."

"म्हणजे कोण?"

"म्हणजे आई," नेत्रा म्हणाली. एखाद्या शब्दाचा अर्थ सांगावा तितकं सहज.

वसुधा ओटा पुसत राहिली. पुसून झालेला ओटा.

मराठी शाळेत मुलाला सोडायला आलेल्या आसावरीने तर सगळ्यांदेखत विचारलं, "वसुधा, तुझी लेक जपानी झाली म्हणे? चला, मराठी नाही तर नाही, काहीतरी तर शिकली कुणाकडून!" बायका हसल्या. वसुधाही हसली. घरी येताना तिने दोन लाल सिग्नल तोडले.

पुढच्या वसंतात कानाझावाची मुलं इकडे यायची होती, आणि त्यांच्या सोबतीला फोटोतली ती बाई, नेत्राची ओकासान फुमिए-सान. ती आपल्याकडेच उतरणार हे नेत्राने परस्पर ठरवून टाकलं. आणखीही एक तिने सांगितलं: शाळेचं शेवटचं वर्ष तिला कानाझावात, फुमिएंच्या घरी काढायचं होतं.

"बघू," वसुधा म्हणाली. त्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होता, आणि तो नेत्राला ठाऊक होता. शैलेंद्र म्हणाला, "मी काही बोलत नाही, तुमचं तुम्ही ठरवा."

फुमिए आली. पिकलेले केस न रंगवणारी, हसताना तोंडावर हात धरणारी. वसुधाला वाटलं होतं ती तोऱ्यात असेल. तसं काहीच नव्हतं. तिने वसुधासमोर इतकं वाकून नमस्कार केला की वसुधाने नकळत पदर शोधला. अंगात कुर्ता होता. ती बाई आवडण्यासारखी होती, आणि खरा त्रास तोच होता.

पहिल्याच संध्याकाळी वसुधाने पुरणपोळी केली. कटाची आमटी, भजी, सगळं. ती तव्याजवळ उभी राहून गरम गरम वाढत होती. फुमिएचं ताट रिकामं झालं की लगेच दुसरी पोळी. वसुधाच्या माहेरची रीत अशी की पाहुण्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरून ओरडेपर्यंत त्याचं पोट भरलं असं मानायचं नाही. फुमिएला हात आडवे धरायचे असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती दर पोळीला मान झुकवायची, म्हणायची, "ओइशी," म्हणजे चविष्ट, आणि पूर्ण संपवायची.

"काय मस्त जेवतात गं या!" शैलेंद्र म्हणाला.

नेत्रा उठून तव्यापाशी आली. हळूच म्हणाली, "मॉम, स्टॉप. ती नाही म्हणू शकत नाही. त्यांच्यात वाढलेलं टाकत नाहीत. तू वाढत राहिलीस तर शी विल जस्ट कीप ईटिंग."

वसुधाला कळलं. नीट कळलं. तव्यावरची पोळी टम्म फुगली होती. ती डब्यात ठेवता आली असती. वसुधाने ती उचलली, वर तूप सोडलं, बाहेर नेली आणि हसत हसत फुमिएच्या ताटात वाढली.

फुमिएने पोळीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता. तरी तिने मान झुकवली आणि एक तुकडा मोडून तोंडात घातला.

नेत्राने शेजारून हात पुढे केला. फुमिएच्या ताटातली ती पोळी मधोमध फाडली आणि अर्धी स्वतः खायला लागली.

जी मुलगी किंडरगार्टनपासून आईच्या ग्लासातलं पाणी पीत नव्हती, "जर्म्स!" म्हणायची, ती परक्या बाईच्या ताटातलं उष्टं खात होती. उष्टं माणूस कुणाचं खातं, हे वसुधाला कुणी सांगायला नको होतं.

तिने गॅस बंद केला.

खाऊन झाल्यावर नेत्रा म्हणाली, "मॉम, तू बस आता. मी वाढते."

"मला भूक नाही."

"बस."

वसुधा बसली. नेत्राने पोळी वाढली, तूप वाढलं. ती संपत आली तशी दुसरी वाढली.

"पुरे गं."

"पुरे काय? पाहुण्यांना विचारलंस 'पुरे का' म्हणून?"

शैलेंद्रने मान खाली घातली. वसुधाला हात आडवे धरता आले असते. तिने धरले नाहीत. तिसरी पोळी आली. ती खात राहिली. फुमिएने नेत्राच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुझ्या आईला थांबव. तिला तर नाही म्हणता येतं ना, मग ती का खाते आहे?"

वसुधाला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं. ताटात तिसरी पोळी अर्धी उरली होती. तिने ताट नेत्राकडे सरकवलं.

"हे तू घे. मला नाही जात."

नेत्रा त्या ताटाकडे बघत राहिली. मग तिने एक तुकडा मोडला आणि खाल्ला.

"मी जाऊ ना कानाझावाला, आई?" तिने विचारलं. या वेळी 'मॉम' नाही, 'आई'.

"जा," वसुधा म्हणाली.

ती खरंच म्हणाली, आणि तिने ते पुढे कधी मागे घेतलं नाही. पण त्या वेळी तिची नजर ताटात होती. फुमिएच्या ताटातली पोळी नेत्राने मधोमध फाडली होती. इथे तिने घेतला होता तो कडेचा तुकडा, चतकोरही नव्हता.