अर्बाबची काडतुसं

मस्कतच्या आमच्या अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, त्याच्या आजोबांची जुनी लष्करी रायफल होती. शुक्रवारच्या नेमबाजीसाठी तो काडतुसं घरीच भरायचा. एकदा मला बंदुकीची दारू मापून ओतायला बसवलं. मध्येच कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला. पेला हलवून 'बस' म्हटलं नाही तर तिथे ओततच राहतात, हे विसरलो. तीन पेल्यांनंतर आठवेना, पुढच्या काडतुसात दारू आधीच पडली होती का? तरी ओतली. त्याने सगळ्यांवर गोळ्या बसवल्या.

दुप्पट दारू म्हणजे रायफल त्याच्याच तोंडावर फुटणार. बोललो तर नोकरी जाणार. पुण्यात 'घाबरू नका, बोला' अशी पत्रकं वाटणारा मी, खाली मान घालून काडतुसं डब्यात रचत होतो! लाज वाटायला हवी होती. तो रायफल घेऊन उठला तेव्हा ओरडलोच, "अर्बाब, थांबा! माझी चूक झालीय."

सगळी काडतुसं उघडली. एकात दुप्पट दारू निघाली.

"खलास, विषय संपला," तो म्हणाला, "आता पेला हलवायला शीक."