सर्व्हे होईपर्यंत

भोईवाड्यात साड्यांना फॉल-पिको करून दर्शनाने दोन पोरी शिकवल्या, सासूचं अंथरुणातलं दुखणं काढलं, आणि एवढं करून तिला शहाणी असं कुणी म्हटलं नाही. नात्यात कुठे अडलं की मात्र पहिला फोन तिलाच. अशा बाईला जग गुणाची म्हणतं आणि लगेच पुढचं काम सांगतं.

तिची आई कमल डिलाईल रोडच्या चाळीत एकटीच राहायची. गिरणी कामगाराची विधवा, वय एकोणऐंशी. दोन वर्षांपासून ती विसरत चालली होती. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. एकदा ती चालत थेट शीवपर्यंत गेली. तेव्हापासून दर्शना सकाळी तिला न्हाऊमाखू घालून, भरवून बाहेरून कडी लावायची आणि संध्याकाळी येऊन काढायची.

बदलापूरचा एक वृद्धाश्रम तिने हुडकला होता. स्वच्छ, दिवसरात्र बाया हजर. महिना बावीस हजार. विरारला राहणारा धाकटा भाऊ स्वप्नील म्हणाला, "ताई, एवढे माझ्याकडे नाहीत. तुझ्याकडे आहेत? चाळ बिल्डरकडे चाललीय. सर्व्हे झाला की बिल्डरकडून महिन्याचं भाडं सुरू होईल, त्यातून ठेवू आईला. पण खोलीची भाडेपावती तिच्या नावावर आहे. सर्व्हेला ती खोलीत दिसली नाही तर खोली गेली समज."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आईला हलवावं तर खोली जाते, खोली राखावी तर आई कुजते.

दर्शना तावातावाने भांडली. "ती मरेपर्यंत थांबायचं काय रे?"

"अर्धी खोली तुझीपण आहे ना?" स्वप्नील म्हणाला.

 दर्शनाची खरी लाज तिथेच होती. धाकटीच्या नर्सिंगच्या फीपायी तिने ती अर्धी खोली मनातल्या मनात कधीच खर्चून टाकली होती.

सर्व्हे दिवाळीनंतर होणार होता, मग शिमग्यानंतर. आश्रमाच्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत एक खाट राखून ठेवली. शेवटी एकदाची तारीख लागली, अठ्ठावीस. पंधरा दिवस भावंडांनी आईकडून घोकून घेतलं. खोली कोणाची? माझी. किती वर्षं राहता? पन्नास. बरोबर आलं की लिमलेटची गोळी.

अठ्ठावीसला दर्शनाने तिला नवी साडी नेसवली. सर्व्हेवाले दोघे आले, एकाकडे कागद, दुसऱ्याकडे कॅमेरा.

"आजी, ही खोली तुमची ना?"

इतक्या दिवसांत कुणी तिला असं मायेनं काही विचारलं नव्हतं. कमलचे डोळे भरून आले. तिने हात जोडले. "ह्यां माजां घर नाय, झिला. माजां घर गावाक. ही बाई माका हय कोंडून ठेवता. रोज भायरसून कडी लावता. माका घराक पोचव."

"आजारी आहे हो ती," स्वप्नील मध्ये पडला.

"रेकॉर्ड झालंय, साहेब," कॅमेरावाला त्याला म्हणाला. कागदावर लिहिलं गेलं: वास्तव्य संशयास्पद, फेरतपासणी. कधी? सहा महिने धरा.

दारात जमलेल्या शेजारणी दर्शनाकडे बघत राहिल्या. तिला आईचा राग आला नाही. आई खोटं कुठे बोलली होती? फक्त ते खरं तिने परक्याला सांगितलं आणि पोटच्या पोरीला ओळखलं नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं.

"आता तर अजिबात हलवायची नाही," जिना उतरताना स्वप्नीलने बजावलं.

दुपारी बदलापूरहून फोन आला. खाट तुमच्यासाठी ठेवू, की दुसऱ्या कुणाला देऊ?

"द्या दुसऱ्यांना," दर्शना म्हणाली. "आमची आई घरीच बरी आहे."