आतली कडी

बाबांनी व्हीआरएस घेतली आणि आमच्या घरात कोणी एका जागी बसेना. घेतली कसली, घ्यायला लावली. परदेशातून कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली आणि टूलरूममधली निम्मी माणसं एकदम जास्तीची झाली. तरी बाबा पहाटे फर्स्ट शिफ्टच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, बूट घालायचे आणि कात्रजच्या त्या एवढ्याशा घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे. चांगला चाललेला पंखा खोलायचे, मिक्सर खोलायचे. आई म्हणायची, "अहो, बसा ना जरा!" ते बसायचे आणि पाय हलवत राहायचे. मी कॉम्प्युटर क्लासला तासभर आधीच पळायचे, ते काही अभ्यासाच्या ओढीने नव्हे.

मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती, बिनदाराची. तिथे छोटं वर्कशॉप काढायचं त्यांनी ठरवलं. दार स्वतःच करणार. लाकूड कुठलं, तर त्याच नव्या मशीनांच्या खोक्यांचं, कंपनीने भंगारात काढलेलं. "बाबा, ज्यांनी तुम्हाला घालवलं त्यांचंच दार?" मी म्हटलं. "लाकडाने काय केलंय?" ते म्हणाले. फळ्यांवर छत्रीचं चित्र छापलेलं होतं, पाण्यापासून जपा म्हणून. आम्ही कोणी ते मनावर घेतलं नाही.

उभ्या फळ्या, मागून दोन आडव्या पट्ट्या आणि मध्ये एक तिरपी. ती तिरपी पट्टी खालच्या बिजागरीपासून वर समोरच्या कोपऱ्यात गेली पाहिजे, उलटी लावली तर दार लोंबतं, हे त्यांनी मला इतकं ऐकवलं की शेवटी मी वैतागून म्हटलं, "मला सुतारकी नाही शिकायची!" पण काम करताना ते एका जागी उभे राहत होते, हे मला दिसत होतं. जन्म लोखंडात गेलेला, त्यामुळे फळ्यांनासुद्धा सूक्ष्म मापाचा व्हर्नियर लावत. दार चौकटीत असं बसवलं की मधून पोस्टकार्ड जाईना. "याला म्हणतात फिट!" कितीतरी दिवसांनी ते हसले.

भांडण झालं ते कडीवरून. बाहेर कडीकोयंडा आणि कुलूप, ते ठीक. पण त्यांनी आतूनही कडी बसवली.

"आतली कडी नको," आई म्हणाली.

"अगं, वाऱ्याने दार आपटेल."

"आपटू दे."

"अर्धवट काम माझ्या हातून होणार नाही."

"मग काढून टाका ते दार! आतली कडी नको म्हणते ना मी!" आणि ती आत निघून गेली.

कारण ती बोलली नाही. बाबांबरोबरच व्हीआरएस घेतलेल्या एकांनी नुकतीच घराची कडी आतून लावून घेतली होती. दार तोडावं लागलं होतं. बाबा खांदा द्यायला गेले होते, आल्यावर आंघोळ केली आणि पुन्हा बूट घालून खोल्यांतून फिरत राहिले. हे सगळं माहीत असून त्यांनी कडी काढली नाही. मला असा राग आला! एवढं काय अडलं होतं?

त्यानंतर बाबा शेडमध्ये आणि आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी. भाजी चिरताना नजर दारावर, पोळ्या लाटताना नजर दारावर. आतली ठोकाठोक ऐकू आली की तिचे हात चालायचे, ठोकाठोक थांबली की हातही थांबायचे. किती वेळा दूध उतू गेलं.

श्रावणात झड लागली. एका दुपारी पत्र्यावर पाऊस असा ताडताड वाजत होता की बाजूच्या माणसाचं बोलणं कळेना. आईने चहासाठी हाक मारली. ओ नाही. ती तशीच भिजत अंगणात गेली आणि दार ओढलं. हलेना. "अहो! अहो, दार उघडा!" ती दोन्ही हातांनी बडवू लागली. मी धावले. दोघींनी मिळून ओढलं, दार ढिम्म.

"लावली गं कडी. लावली शेवटी," आई मला म्हणाली. तिचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

हत्यारं सगळी आत. ती घरात पळाली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. "देवा, देवा" म्हणत ती त्या दारावर हाणत सुटली. मला रडूही येईना. शेवटी मधली फळी तडकली आणि तिचा तुकडा आत पडला.

त्या भोकातून बाबांचा हात बाहेर आला, ग्रीसने काळा झालेला. आईने वरवंटा टाकला आणि तो हात घट्ट धरला.

"अगं, वेडी आहेस का? डोक्यात बसला असता!" बाबा ओरडत होते. "केव्हाचा सांगतोय, लाकूड फुगलंय! चौकटीत अडकलंय दार. मी आतून ढकलतोय."

"कडी का लावलीत?" आई हमसून हमसून रडत होती. "नको म्हटलं होतं ना!"

बाबांनी आतून ढकलणं थांबवलं.

"कडी उघडीच आहे," बाबा म्हणाले. "मी ती कधी लावलीच नाही."

मी त्यांच्या हाताच्या बाजूने भोकात डोकं घालून कडेला पाहिलं. गंजू नये म्हणून कडीला मारलेला लाल रंग जसाच्या तसा होता, कुठे साधा ओरखडाही नव्हता.

"बरं, आता हात सोड," बाबा म्हणाले. "रंधा घेतो. कडा तासल्या की निघेल."

"राहू दे."

"अगं, चहा उकळून जाईल."

"जाऊ दे," आई म्हणाली आणि तशीच, तो हात धरून, पावसात उभी राहिली.